तिसऱ्या घंटेआधीचं शहर

बालगंधर्व रंगमंदिराचं पुढे काय करायचं, पाडून नवं बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं, हा प्रश्न पुण्यात 2018 पासून अधूनमधून डोकं वर काढतो. आराखडे मागवले जातात, सादरीकरणं होतात, रंगकर्मींत दोन तट पडतात. कुणी निषेधाची सभा घेतं, कुणी नव्या तंत्राची बाजू मांडतं आणि मग विषय मागे पडतो. या सगळ्या चर्चेत मोजल्या जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. आसनं किती, रंगमंच किती खोल, तळघरात गाड्या किती मावतील, खर्च किती येईल. हे मोजायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण एखादं नाट्यगृह पन्नास-पन्नास वर्षं भरतं आणि दुसरं नवंकोरं असूनही ओस पडतं, याचं उत्तर या आकड्यांत सापडत नाही. माझ्या मते ते उत्तर भिंतींच्या बाहेर आहे. नाट्यगृहाचं निम्मं आयुष्य त्याच्या आवारात, फुटपाथवर, समोरच्या चहाच्या टपरीवर आणि घरी परतायच्या वाटेवर जातं. सार्वजनिक पैशातून नाट्यगृह बांधताना, दुरुस्त करताना किंवा पाडताना या बाहेरच्या निम्म्याचा विचार आधी व्हायला हवा. आज तो सगळ्यात शेवटी होतो, किंवा होतच नाही.

रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग सुटून साडेपाचच्या प्रयोगाची माणसं यायला लागतात, त्या मधल्या वेळात बालगंधर्वच्या आवारात उभं राहून बघावं. एका नाटकाचा प्रेक्षक अजून पुरता पांगलेला नसतो. चारचौघं कोंडाळं करून दुसऱ्या अंकातल्या एखाद्या प्रसंगावर तावातावाने बोलत असतात, कुणीतरी रिक्षा मिळेना म्हणून फोनवर हुज्जत घालत असतं. तेवढ्यात पुढच्या प्रयोगाचे लोक येऊ लागतात. सर्वांत आधी येतात त्या साठी-सत्तरीतल्या बायका, तिघीचौघींच्या गटाने, तास-दीड तास आधी. त्यांना लवकर येण्याची घाई नसते, लवकर येण्याची आवड असते. तिकीटखिडकीपाशी प्लॅनवर बोट ठेवून ‘बाजूची द्या, पाय लांब करता येतात’ असं सांगणारा एक गृहस्थ हमखास असतो. पुढच्या महिन्याच्या नाटकांचे फलक वाचत उभी असलेली दोन कॉलेजची मुलं नाटकाला आलेली नसतात, ती फर्गसन रस्त्याकडे निघालेली असतात आणि वाटेत थांबलेली असतात.

आणि याच वेळी मागच्या बाजूला जे चालतं ते बघण्यासारखं असतं. दुपारच्या नाटकाचा सेट बाहेर निघत असतो. तासाभरापूर्वी ज्या भिंतीला टेकून नायिका रडली ती भिंत दोन माणसं डोक्यावरून घेऊन येतात. मागून बघितली तर ती नुसती लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ठोकलेलं प्लायवूड, कोपऱ्यात खडूने लिहिलेला क्रमांक. मग दार येतं, चौकटीसकट. मग सोफा, मग लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे. बॅकस्टेजची मंडळी एका शब्दानेही न बोलता हे सगळं टेम्पोत असं रचतात की पुढच्या गावी नेमकं उलट्या क्रमाने हाताला लागावं. दुसऱ्या नाटकाचा टेम्पो मागे वाट बघत उभा असतो, कारण पहिला हलल्याशिवाय त्याला आत जागा नाही. आत कुणीतरी शिडीवर चढून दिवे फिरवत असतो, कारण मधल्या वेळात नवं घर उभं राहून उजळायचं असतं. चहा पिता पिता प्रेक्षक हे बघू शकतो. एखादं सहा-सात वर्षांचं पोर त्या भिंतीच्या मागच्या बाजूकडे टक लावून उभं असतं आणि त्याला नाटक म्हणजे काय हे बहुधा तिथेच पहिल्यांदा कळतं. नाट्यशिक्षणाच्या शिबिरांना मी कमी लेखत नाही, पण हा तास फुकट मिळणारं शिक्षण आहे आणि तो फक्त आवार मोकळं आहे म्हणून मिळतो.

हे आवार आपोआप झालेलं नाही. 8 ऑक्टोबर 1962 रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते या वास्तूचं भूमिपूजन झालं. त्याच्या आदल्या वर्षी, 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून मुठेकाठचं पुणं उद्ध्वस्त झालं होतं. वाडेच्या वाडे वाहून गेले होते, माणसं तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत होती. त्या शहराने सव्वा वर्षात त्याच नदीच्या काठी नाट्यगृहाचा पाया घातला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बालगंधर्व 15 जुलै 1967 ला गेले. त्यांच्या जन्माला ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, 26 जून 1968 ला, रंगमंदिर खुलं झालं. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची मोठी तैलचित्रं, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं, आजही आत आहेत.

त्याआधी पुण्याचं नाटक पेठांत होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 ला झाला तो बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात. पेठेतलं नाट्यगृह म्हणजे दाट वस्ती, अरुंद बोळ, दार उघडलं की रस्ता. बालगंधर्वच्या रूपाने नाटक नदी ओलांडून जंगली महाराज रस्त्याला आलं, तेव्हाच्या शहराच्या नव्या, झाडांच्या बाजूला. आज आपण त्याला ‘जुनी वास्तू’ म्हणतो, पण 1968 मध्ये ते आधुनिक नाट्यगृह होतं आणि त्या काळच्या लोकांनी आधुनिकतेचा अर्थ मला भावतो असा लावला होता. इमारत रस्त्यापासून मागे घेतली. पुढे मोकळी जागा सोडली. बाजूला कलादालन दिलं, म्हणजे तिकीट न काढताही आत यायला एक कारण मिळालं. जागा महापालिकेची होती. ती सगळी बांधून काढता आली असती, पण तसं केलं नाही.

आता आवाराबाहेर पडू. समोर झाशीच्या राणीचा पुतळा असलेला चौक. एका अंगाला संभाजी उद्यान. राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा याच उद्यानात होता. जानेवारी 2017 मध्ये तो रात्रीतून उखडून मुठेत टाकण्यात आला. मराठी रंगभूमीच्या एका मोठ्या नाटककाराच्या बाबतीत हे घडलं ते बालगंधर्वपासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या ‘राजसंन्यास’ या नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणाबद्दल कुणाचे काय आक्षेप असतील ते असोत, ते मांडायला शेजारीच हजारभर माणसं बसतील एवढं सभागृह होतं. परिसर म्हणतो तेव्हा त्यात हेही येतं. जागेला स्मरण असतं आणि त्यातलं काही दुखरं असतं.

दुसऱ्या दिशेने शिवाजीनगरकडे चालत गेलं की दहा मिनिटांत जंगली महाराजांचं मंदिर आणि त्याला लागून पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं लेणं, आणि समोर तो गोल नंदीमंडप. बाहेर रहदारीचा कल्लोळ आणि आत उतरलं की उन्हाळ्यातही गारवा. साडेपाचच्या प्रयोगाला चारला आलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. बाहेरगावाहून नाटकाला आलेल्या किती जणांना ती माहीत असते? बालगंधर्वच्या आवारात तिचा रस्ता सांगणारी एक साधी पाटी का असू नये? घोले रस्त्यावर महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे. डेक्कनकडे वळलं तर गुडलक चौक, 1935 पासूनचं कॅफे गुडलक, तिथून फर्गसन रस्ता. नदीपलीकडे शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच, जिथे मोजक्या प्रेक्षकांसमोर प्रायोगिक नाटकं होतात. म्हणजे पायी हिंडण्याच्या टप्प्यात लेणं, संग्रहालय, बाग, नदी, हॉटेलं, महाविद्यालयं आणि आणखी एक रंगमंच. एवढं सगळं एका नाट्यगृहाभोवती असणं हे मराठी मुलखात दुर्मीळ आहे. याला मी त्या नाट्यगृहाची खरी मालमत्ता म्हणेन. पुनर्विकासाच्या कागदात तिचं मूल्य कुठल्याच रकान्यात येत नाही.

जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ काही वर्षांपूर्वी रुंद झाले. बसायला बाक आले, झाडांना पार आले. पुण्यात पायी चालणाऱ्यासाठी झालेल्या कामांत हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं आणि त्याचा थेट फायदा नाटकाला झाला आहे. प्रयोग सुटल्यावर माणसं या बाकांवर बसतात, बोलतात, लगेच पांगत नाहीत. पण त्याच फुटपाथवर संध्याकाळी दुचाकी चढतात आणि मग म्हातारी माणसं रस्त्यावर उतरून चालतात. नवं सभागृह बांधायला कोट्यवधी लागतात. दुचाकी चढू नयेत म्हणून खांब लावायला आणि त्यावर लक्ष ठेवायला किती लागेल?

मुंबईत याचा पडताळा घेता येतो. दादरचं शिवाजी मंदिर 1965 मध्ये सुरू झालं. त्याला आवार असं नाहीच. दार उघडतं ते न. चिं. केळकर मार्गावरच्या गर्दीत, समोर प्लाझा सिनेमा. तरीही मराठी व्यावसायिक नाटकाचं ते घर झालं, कारण अख्खं दादर त्याचं अंगण होतं. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे विरारचा आणि कल्याणचा प्रेक्षक लोकलने येऊन लोकलने परत जाऊ शकत होता. भाजी घेऊन, फुलं घेऊन, बटाटवडा खाऊन लोक नाटकाला बसत. आणि त्याच दादरमध्ये, चालत थोड्याच अंतरावर, छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकाची चळवळ उभी राहिली. एकाच संध्याकाळी एकाच वस्तीत नाटकाची ही दोन टोकं चालू असायची. लिहिणारे, करणारे, बघणारे एकमेकांना रस्त्यावर भेटायचे. त्यात कुणाच्या नियोजनाचा भाग फारसा नव्हता, पण स्टेशन आणि बाजार यांच्या मधोमध नाट्यगृह ठेवलं की काय होतं, ते मात्र दिसतं.

जुहूचं पृथ्वी थिएटर 1978 चं. आसनं दोनशेच्या आसपास. गल्लीत आहे, स्टेशनजवळ नाही. पण तिथल्या कॅफेने आणि झाडांखालच्या टेबलांनी ते केलं जे दादरला रस्त्याने केलं. नाटक नसलेल्या वेळीही तिथे नाटकाची माणसं सापडतात. तालमीआधी संहिता वाचणारे, प्रयोगानंतर भांडणारे. म्हणजे प्रश्न मोठ्या जागेचा नाही आणि फार पैशाचाही नाही. माणसाला प्रयोगाआधी आणि नंतर तासभर थांबावंसं वाटेल अशी कोपराभर जागा लागते.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर वांद्रे-कुर्ला संकुलात 2023 मध्ये उघडलेल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचं द्यावं लागेल. दोन हजार आसनांचं मोठं सभागृह, शिवाय दोन लहान रंगमंच. तांत्रिक दृष्टीने देशात त्याच्या तोडीचं फारसं काही नाही आणि तिथे होणाऱ्या कार्यक्रमांचा दर्जा मी नाकारत नाही. पण प्रयोग संपल्यावर दाराबाहेर पडा. रुंद रस्ते, काचेच्या कचेऱ्या, रात्री त्याही बंद. चालत कुठे जायचं? प्रेक्षक आतून गाडीत आणि गाडीतून घरी. ज्याला गाडी नाही त्याने टॅक्सीची वाट बघायची. तिथे नाटक बघितलं जातं, पण त्याच्याभोवती शहर जमत नाही. खाजगी संस्थेने आपल्या पैशाने आपल्या जागेत काय बांधावं हा तिचा प्रश्न. महापालिकांनी मात्र त्याच नमुन्याकडे डोळे लावून बसावं याचं मला वाईट वाटतं. कारण आपल्या अनेक शहरांतली नवी नाट्यगृहं याच वाटेने गेली आहेत, फक्त त्या दर्जाविना. आरक्षित भूखंड मिळेल तिथे, हमरस्त्याच्या कडेला, भोवती उंच कुंपण, एक लोखंडी फाटक आणि त्यावर सुरक्षारक्षक. प्रयोगाच्या अर्धा तास आधी फाटक उघडतं, प्रयोग संपला की दिवे मालवून लोकांना बाहेर काढलं जातं. अशा एका नाट्यगृहात मध्यंतरात चहा मिळेना म्हणून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांना पुन्हा आत घ्यायला रक्षकाने घातलेला वाद मी बघितला आहे. आत दुसरा अंक सुरू झाला होता. तो माणूस वाईट नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं होतं.

ठाण्याचं गडकरी रंगायतन बघा. 1978 चं, मासुंदा तलावाच्या काठावर. तलावपाळीला ठाणेकर फिरायला येतात, नाव वल्हवायला येतात, आइस्क्रीम खायला येतात आणि नाटकालाही येतात. ही चारही माणसं पुष्कळदा एकच असतात. हे नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होतं आणि नूतनीकरण होऊन 2025 मध्ये पुन्हा उघडलं. तलाव तिथेच, रंगायतन तिथेच. जागा न हलवता, इमारत न पाडता काम होऊ शकतं याचं उदाहरण पुण्यापासून तीन-साडेतीन तासांवर आहे.

कोल्हापूरकडे तर याहून जुना धडा आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅलेस थिएटर बांधलं. पुढे त्याला गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. त्याला पाठ लावून त्यांनी खासबाग कुस्तीचं मैदान उभं केलं, हजारो माणसांना कुठूनही कुस्ती दिसावी असं खोलगट. नाटक आणि कुस्ती, दोन्हींचे आश्रयदाते तेच, आणि दोन्हींना त्यांनी एकमेकांच्या शेजारी जागा दिली. कुस्तीचा प्रेक्षक आणि नाटकाचा प्रेक्षक वेगळा असतो, त्यांना लांब ठेवावं, असं त्यांना वाटलं नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. त्यानंतर कोल्हापूरकर रस्त्यावर जमले, रडले, आणि मागणी केली ती होतं तसं, होतं तिथे परत उभं करण्याची. कुणी म्हणालं नाही की शहराबाहेर जास्त पार्किंगची जागा आहे. त्या लोकांना नाट्यगृह म्हणजे काय हे नेमकं ठाऊक होतं.

आणि परळचं दामोदर. सोशल सर्व्हिस लीगचं, 1922 पासूनचं, गिरणगावच्या मधोमध. गिरणी कामगारांची नाटकं, कोकणातल्या मंडळांचे नमन आणि शक्ती-तुऱ्याचे कार्यक्रम तिथे व्हायचे. 2023 च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा कलावंतांनी आंदोलन केलं. नव्या इमारतीत सभागृह असेलही. पण ज्या लोककला मंडळांना परवडणारं भाडं आणि आसपास राहणारा आपला माणूस या दोन गोष्टींवर दामोदर पेलत होतं, त्या दोन गोष्टी आराखड्यात काढता येत नाहीत. सभागृह बंद असतानाच्या वर्षांत प्रेक्षकांची सवय मोडते. मोडलेली सवय परत लावणं फार कठीण असतं.

बालगंधर्वच्या बाबतीत हीच धास्ती आहे. तिथे फक्त मध्यमवर्गाची नाटकं होत नाहीत. लावणीचे कार्यक्रम होतात, वाद्यवृंद होतात, शाळांची स्नेहसंमेलनं होतात, सत्कार होतात. लावणीच्या कार्यक्रमाला येणारा प्रेक्षक आणि संगीत नाटकाला येणारा प्रेक्षक एकाच पायऱ्या चढतो. नव्या, झगमगीत वास्तूचं भाडं वाढलं की सर्वांत आधी कोण बाहेर पडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही आणि ती मांडणारे लोक नाटकाचे वैरी नाहीत. इमारत साठीकडे आली आहे. रंगमंचामागची सोय आजच्या नेपथ्याला अपुरी पडते. स्वच्छतागृहांबद्दल कलाकार, विशेषतः स्त्री कलाकार, राज्यभरातल्या नाट्यगृहांतून वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत आणि त्यात अतिशयोक्ती अजिबात नाही. महिनाभर दौऱ्यावर असलेल्या नटीला प्रयोगाच्या दिवशी पाणी कमी प्यावं लागतं, ही आपल्याला लाज वाटावी अशी स्थिती आहे. छोट्या नाटकांना हजार आसनांचं सभागृह परवडत नाही, दोन-तीनशे आसनांचा सार्वजनिक रंगमंच हवा, हेही खरं. आणि पार्किंगची अडचणही खरी आहे. गुडघेदुखीच्या माणसाला ‘बसने या’ असं सांगणं निष्ठुरपणाचं आहे.

पण यातली कुठली गोष्ट पाडण्याशिवाय होत नाही? स्वच्छतागृहं नीट ठेवायला इमारत पाडावी लागत नाही, रोज दोन पाळ्यांत माणसं लावावी लागतात. आज जी संस्था असलेली चार स्वच्छतागृहं स्वच्छ ठेवू शकत नाही, ती उद्या चाळीस कशी ठेवील? लहान रंगमंच हवा तर तो शहरात इतरत्र द्या, जिथे एकही नाही तिथे. पूर्व पुण्यात, हडपसरकडे, कात्रजकडे राहणाऱ्याने दर वेळी डेक्कनलाच का यावं? एकाच आवारात तीन सभागृहं कोंबली की तिन्ही प्रयोग एका वेळी सुटणार, तिन्हींचे टेम्पो एका दारावर येणार आणि त्या मधल्या तासाचा श्वास कोंडणार. पार्किंगचं म्हणाल तर पहिला हक्क वृद्धांचा आणि अपंगांचा ठेवा, त्यांना दारापर्यंत सोडायची सोय करा, आणि बाकीच्यांसाठी मेट्रो आहे.

मेट्रोचंच बघा. ऑगस्ट 2023 पासून छत्रपती संभाजी उद्यान स्थानक सुरू आहे, मावळी पगडीच्या आकाराचं छत असलेलं. नदीपात्रातून जाणाऱ्या त्या मार्गाबद्दल पर्यावरणाच्या अंगाने झालेले आक्षेप मला मान्य आहेत. पण स्थानक आता आहे, आणि ते बालगंधर्वपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. वनाजपासून रामवाडीपर्यंतचा माणूस थेट येऊ शकतो. पिंपरीचा आणि स्वारगेटचा माणूस जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून येऊ शकतो. मराठी नाटकाला एवढी मोठी भेट गेल्या पन्नास वर्षांत कुणी दिलेली नाही. आणि तरी रात्री साडेनऊच्या प्रयोगाचा पडदा पडतो तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. तिसऱ्या अंकात घड्याळाकडे बघत बसलेली माणसं मी दर वेळी बघतो. मध्यंतरानंतर उठून जाणारी सुद्धा. त्यांना नाटक आवडलं नाही असं नव्हे, त्यांना वाघोलीला जायचं असतं.

यात सर्वांत जास्त भोगतात त्या बायका. नोकरी करून, घरचं आवरून एकटीने रात्रीचं नाटक बघायला येणारी बाई हा कुठल्याही शहराच्या नाट्यव्यवहाराचा कणा असतो. ती येते की नाही हे रंगमंचाच्या खोलीवर ठरत नाही. रात्री बाराला बाहेर पडल्यावर रस्त्यावर दिवे आहेत का, चार माणसं आहेत का, एखादं दुकान उघडं आहे का, रिक्षावाला मीटरने येतो का, यावर ठरतं. जंगली महाराज रस्ता अजून या परीक्षेत बऱ्यापैकी उत्तीर्ण होतो. कुंपणातली नवी नाट्यगृहं होत नाहीत. प्रयोगांच्या वेळा अलीकडे आणाव्यात असं निर्माते अधूनमधून म्हणतात, पण कचेरीतून सुटून पुण्याच्या वाहतुकीतून सातला पोचणं किती जणांना जमेल? वेळ बदलण्यापेक्षा परतीची सोय करणं सोपं आहे.

ती सोय कुणाच्या हातात आहे? नाट्यगृह महापालिकेचं. पीएमपीच्या बसमध्ये महापालिकेचा वाटा. फुटपाथ महापालिकेचा. मेट्रो राज्य आणि केंद्राची, पण तिच्या वेळा ठरवताना शहराचं म्हणणं ऐकावंच लागतं. महिन्याच्या नाटकांच्या तारखा आधी ठरतात, साडेनऊचे प्रयोग कुठल्या दिवशी आहेत ते नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला माहीत असतं. शनिवार-रविवारच्या रात्री बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांना जोडणारी एक बस, प्रयोग सुटल्यावर निघणारी, हडपसर, कात्रज, वाघोली आणि निगडीच्या दिशांना वाटली जाणारी. शेवटची मेट्रो आठवड्यातून दोन रात्री तरी पडदा पडल्यानंतरची. यासाठी नवा आराखडा लागत नाही, वास्तुविशारद लागत नाही, इमारतीची एक वीट हलत नाही. एका टेबलाभोवती तीन खात्यांची माणसं बसावी लागतात.

म्हणून पुढचं सादरीकरण होईल तेव्हा पडद्यावर पहिला नकाशा इमारतीचा नको. अर्ध्या किलोमीटरचा दाखवा, त्यात पाताळेश्वर असू दे, उद्यान असू दे, मेट्रोचं स्थानक आणि नदीवरचे पूल असू देत. त्यावर प्रयोग सुटल्यानंतर माणसं कुठून कुठे जातात त्या रेषा काढा, चहा कुठे मिळतो त्या खुणा करा, अंधार कुठे आहे ते काळं करा. त्या नकाशासाठी बॅकस्टेजच्या कामगारांना विचारा, तिकीटखिडकीवरच्या माणसाला विचारा, आवारात तास-दीड तास आधी येऊन बसणाऱ्या त्या बायकांना विचारा. आणि तोवर निदान या शनिवारी रात्री एक बस सोडा.